लिंपणारे आबा

गळती दिसली की काही माणसं खाली बादली ठेवतात, काही गवंड्याला निरोप धाडतात, काही नुसतीच वर बघत बसतात. आबा खिशात हात घालतात. त्या खिशात चुन्याची डबी, बाजाराच्या हिशेबाची वही आणि कसलीतरी अर्धी पिळलेली ट्यूब असते. डबी एखादे वेळी घरी राहते, वही आठवड्याला हरवते. ट्यूब राहिल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

आबा जुनी सातवी पास. सही झोकदार. तरीही तलाठ्याच्या दप्तरात नसतील एवढे त्यांचे अंगठे आमच्या गावात सापडतात. पाण्याच्या टाकीच्या कॉकला एक आहे, दूध संस्थेच्या नळाला एक, शाळेच्या पन्हळीला तर ओळीनं चार. लुकण लावलं की ते अंगठ्यानं दाबून सारखं करायचं आणि मग अंगठा आपल्याच पायजम्याला पुसायचा, ही त्यांची पद्धत. कामाचे पैसे घेत नाहीत. चहा घेतात, पण काम सुरू करायच्या आधी. काम झाल्यावर यजमान चहा विचारेलच याची खात्री नसते. लिंपून झालं की दोन पावलं मागं सरतात, कमरेवर हात ठेवतात आणि गळतीलाच म्हणतात, "आता ये बघू भाईर." गळतीनं त्यांचा शब्द सहसा मोडलेला नाही.

पण ही झाली समाजसेवा. आबांची खरी साधना चालते ती त्यांच्या पिकअपच्या पुढच्या काचेवर.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. कंपनीकडे बोट दाखवण्यात अर्थही नाही. पंचवीस-तीस वर्षं ऊन खाल्लेल्या रबरानं इमान राखायचं तरी किती? हौदा दोनदा नवा झालाय, इंजिन एकदा उतरवलंय, आणि मूळचा रंग कुठला यावर घरात दोन मतं आहेत. २००५ साली छोटा हत्ती बाजारात आला तसे गावातले बाकीचे भाजीवाले एकेक करून त्याच्यावर गेले. आबांनी त्याला हत्ती म्हणायलाच नकार दिला. "हत्तीला सोंड पायजे का नगो?" असा त्यांचा सवाल. सोंड म्हणजे बोनेट. ते आबांच्या गाडीला आहे, आणि त्याच्यावरही दोन ठिकाणी अंगठा आहे.

जुन्या गाडीची काच कशी बसवलेली असते ते आधी सांगायला हवं, नाहीतर आबांची थोरवी कळायची नाही. हल्लीच्या मोटारींची पुढची काच पॉलियुरेथेनच्या गोंदानं थेट पत्र्याला चिकटवतात. जुन्या गाडीत मध्ये रबर असतं. या जाड रबराला दोन खाचा. एकीत काचेची कड बसते, दुसरीत केबिनच्या पत्र्याची. शिवाय बाहेरच्या अंगाला एक बारीक चर असते. तिच्यात पट्टी घुसवली की रबर फुगतं आणि काच, पत्रा दोघांनाही आवळून धरतं. गोंद नाही, स्क्रू नाही, सगळा कारभार रबराच्या लवचिकपणावर. तो गेला की कारभार गेला. उन्हानं रबर कडक होतं, आखडतं, कोपऱ्यात चिरतं. मग पाणी शिरतं. शिरतं ते लगेच टपकत नाही. पत्र्याच्या कडेकडेनं आतल्या आत हिंडतं, जाईल तिथं गंज पेरतं, आणि उतार सापडेल तिथं खाली येतं. शिरायची जागा एक, दिसायची भलतीच.

आबांना हे मान्य नाही. "जिथनं गळतंय तिथंच भोक," ते म्हणतात. "पाणी काय मधी गावाला जाऊन येतंय व्हय?"

माझी नोकरी वैभववाडीला. सोमवारी पहाटेची एसटी चुकली की मी आबांच्या गाडीनं जातो. कोबी, टोमॅटो, ढबू मिरचीचे क्रेट भरून गाडी कोल्हापुरातून निघते, कळ्याच्या पुढं मला घेते आणि गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पोचते तेव्हा उजाडत असतं. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस कोसळतो तो गगनबावड्याला, आणि तिथूनच करूळचा घाट खाली कोकणात उतरतो. या गाडीतली पाणीवाटपाची व्यवस्था मला आता पाठ झाली आहे. कळ्यापर्यंत कोरडं. असळजच्या आसपास डाव्या वरच्या कोपऱ्यात एक थेंब धरतो. तो लगेच पडत नाही. आधी लांब होतो, थरथरतो, डॅशबोर्डवरच्या जोतिबाच्या फोटोवर क्षणभर टांगून राहतो आणि गाडीनं खड्डा घेतला की सुटतो. घाट लागला की थेंबाथेंबाची भाषा संपते. डावं वळण आलं की पाणी आबांच्या गुडघ्यावर, उजवं आलं की माझ्या मांडीवर. भरलेल्या गाडीची केबिन घाटात पिळवटते, फटी उघडतात आणि मिटतात, आणि प्रत्येक उघडण्याचा हिशेब पँटीवर होतो. आबा स्वतःच्या गुडघ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. मला पोतं देतात.

"धरा मास्तर. युरियाचं हाय. पण धुतलंय."

पाण्याचा खरा पराक्रम मात्र दिसत नाही, ऐकू येतो. डॅशबोर्डच्या खाली फ्यूजची पेटी आहे आणि पाणी शेवटी तिथं वस्तीला जातं. त्यामुळे जून ते सप्टेंबर आबांच्या गाडीची वायरिंग आपल्या मतानं चालते. हॉर्न दाबला की वायपर फिरतो. वायपर लावला की डावा इंडिकेटर लुकलुकायला लागतो. घाटात डावीकडे दरी असताना हा गडी डावीकडे वळायचं का म्हणतोय, हे न कळल्यानं मागचा एसटीवाला घाबरून चांगला शंभर पावलं अंतर राखतो. आबा आरशात बघून खूश. "बघा, कसा लांबनं येतोय. शिस्तीचा डायवर हाय."

एका मे महिन्यात गाडी आमच्या दारात उभी होती तेव्हा मी त्या काचेची कड नीट पाहिली. सगळ्यात खाली डांबर. रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा मुकादमाकडून डालड्याच्या डब्यात मागून आणलेलं. ते पहिल्याच उन्हाळ्यात पातळ होऊन काचेवर उतरलं. त्याचे काळे ओघळ अजून आहेत आणि नवखा माणूस त्यांना भेगा समजून दचकतो. डांबरावर सुताराची लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. खिडकीच्या काचेला ही लांबी झकास, कारण खिडकी घाट उतरत नाही. पिकअपवर तिच्या खपल्या निघाल्या. मग दोन रंगांच्या कांड्या मळून करतात ते एपॉक्सीचं लुकण आलं. लोखंडी पाइपाला ते असं धरतं की एखादे वेळी पाइप सुटेल, ते सुटणार नाही. पण ते दगड होतं. काच, रबर आणि पत्रा ही तिन्ही मंडळी गाडी चालताना आपापल्या परीनं हलत असतात. दगड हलत नाही, मग शेजारी नवी फट पडते. त्या नव्या फटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेली. पट्टीवर मेणबत्ती. मेणबत्ती कशासाठी ते आबांनाही आठवत नाही. लाइट गेली होती, हातात होती, एवढंच.

आणि सगळ्यात वर सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्तातलं बरंचसं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. म्हणून त्याला तो आंबूस, नाकाला झोंबणारा वास. उघड्या पत्र्यावर हे ॲसिड गंज चढवतं. आबांचा विश्वास बसला तो नेमका त्या वासामुळे. "झोंबतंय म्हंजे लागू पडतंय," म्हणाले. सिलिकॉनचा आणखी एक गुण असा, की ते एकदा सुकलं की त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. रंग नाही, गोंद नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आबांनी दरवर्षी त्याच्यावर नवं सिलिकॉन लावलं. एका वर्षी काळं, एका वर्षी पांढरं, आणि एकदा दुकानात दोन्ही नव्हतं तेव्हा संडासच्या फरशीला चालणारं बदामी.

बरं, हे लावायचं कधी? उन्हाळ्यात, सगळं कोरडं असताना? उन्हाळ्यात तर गळतच नाही. न गळणाऱ्या गाडीला लिंपणं आबांच्या तत्त्वात बसत नाही. गळू लागलं, पाऊस लागून राहिला, काच वरून खालून निथळायला लागली की आबा छत्री मानेत धरून बोनेटवर चढतात, ओल्या रबरावर ट्यूब पिळतात आणि ओल्या अंगठ्यानं दाबतात. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की जागा स्वच्छ आणि कोरडी असावी. आबांचा चष्मा त्या वेळी पावसानं भरलेला असतो.

त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नये, कारण वाद निघाला की ते थेट जीपपर्यंत मागं जातात. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या जीपची पुढची काच चौकटीसकट बोनेटवर आडवी पाडता यायची. आबांचे वडील कुणा बागायतदाराकडे तसल्या जीपवर ड्रायव्हर होते. "काच पाडली की गळायचा इशयच न्हाई," आबा सांगतात. "पाऊस सरळ तोंडावर. डायवरला डुलकी म्हणून लागत न्हवती. म्हणून त्या काळात अपघात हुईत न्हवते." यावर काय बोलणार? नव्या गाड्यांच्या काचांवरही त्यांची नजर असते. पुण्याचे जावई दिवाळीला नवी मोटार घेऊन आले, तेव्हा आबांनी काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि "हितं जरा पोकळ लागतंय" म्हणून खिशात हात घातला. जावईबापूंनी गाडी तशीच मागं घेतली आणि मारुतीच्या देवळापाशी नेऊन लावली. बरोबरच केलं त्यांनी. चिकटवलेल्या काचेवर त्या गाडीच्या सांगाड्याची थोडी मजबुतीही अवलंबून असते, आणि अपघातात डावीकडची एअरबॅग फुगते तेव्हा बऱ्याच मोटारींत ती याच काचेचा आधार घेते. तिथं मेणबत्ती चालत नाही. तेव्हापासून जावई मुक्कामाला असले तर उशाला किल्ली घेऊन झोपतात.

रबर बदलून टाका, असं आबांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. सूनबाईंनी तर दरवर्षी.

"आबा, रबरच नवं बसवून घ्या की एकदा."

"रबर बसवायचं म्हंजे काच काढाय लागंल."

"मग काढा."

"काढली की फुटती."

"न काढता गळती."

"गळती हाय ती आपल्या हातात हाय गं," आबा म्हणायचे, आणि ट्यूब दाखवायचे.

हा आबांच्या स्वभावाचा गाभा. बसलेली वस्तू उठवायची नाही. दुखरी दाढ त्यांनी वर्षानुवर्षं लवंगेवर चालवली. बांधाचा वाद कोर्टात नेला नाही, भावाला दरसाल एक पोतं भुईमूग देऊन तो लिंपत राहिले. मोठं काम एकदाच काढायचं, त्यात काय निघेल ते बघायचं आणि एकदाच पैसे मोजायचे, यातल्या 'काय निघेल' या भागाची त्यांना मनापासून धास्ती. ट्यूब पिळताना काहीच निघत नाही, उलट झाकलं जातं. अशी माणसं मी मंत्रालयाच्या आसपासही पाहिली आहेत, पण त्यांच्या अंगठ्याला निदान सिलिकॉन लागलेलं नसतं.

लेप मात्र दर पावसाळ्याला आत सरकत होता. काच तेवढीच, चौकट रुंदावत चाललेली. वायपरचं पातं डावीकडं जाताना लेपाच्या गाठीवर चढायचं, तिथं अडकायचं आणि मग 'टप्' असं परत यायचं. शेवटी गाडी वर्षाच्या पासिंगला गेली. तपासणारे साहेब तरुण होते. त्यांनी काचेकडं बघितलं, जवळ आले, नखानं टोकरून बघितलं.

"हे काय आहे?"

"वॉटरप्रूफिंग, साहेब."

"यातून तुम्हाला डाव्या बाजूचा माणूस दिसतो का?"

आबा खोटं बोलत नाहीत. "वळकीचा असला तर दिसतोय," म्हणाले.

पासिंग झालं नाही. साहेबांनी सांगितलं, हे सगळं काढा, काच नीट बसवून घ्या, मगच या. पासिंगशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, आणि गाडी नाही तर कोबी जाणार कुठं? आबांनी ट्यूब खिशात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी उद्यमनगरात घेतली. मुलगा बरोबर, आणि सुट्टी होती म्हणून मीही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाचं काय होत नाही ते विचारावं. ओतकाम, लेथ, वेल्डिंग, सगळं एका हाकेवर. तिथले काचवाले मामू गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबा, ह्यात काच कुठनं सुरू हुती?"

लेप खरवडायलाच निम्मा दिवस गेला. बदामी गेलं, पांढरं गेलं, काळं गेलं. सायकलच्या ट्यूबपाशी मामू थांबले आणि पोराला हाक मारून ती दाखवली. आबा स्टुलावर बसून होते. प्रत्येक थर निघाला की त्याचं साल सांगायचे. "ती थोरल्याच्या लग्नाच्या सालातली." डांबराला मात्र रॉकेलचा बोळा फिरवावा लागला. मग मामूंनी रबराची बाहेरची कड धारदार सुरीनं सरळ कापून काढली. जुनं रबर वाचवायला जावं तर काच जाते, हे त्यांचं त्या दिवसातलं एकुलतं एक प्रवचन. पोरगं केबिनमध्ये सीटवर उताणं झालं, काचेच्या वरच्या कोपऱ्यांना दोन्ही तळपाय लावले आणि मामूंच्या "हळू, हळू" वर रेटत गेलं. आबांनी डोळे मिटले. काच सुटली, बाहेर दोघांच्या हातांत आली, अंथरलेल्या गोधडीवर आडवी झाली. खळ्ळ असा आवाज आला नाही, तेव्हा आबांनी एक डोळा उघडला.

आणि मग ते निघालं, ज्याची आबांना धास्ती होती. काचेखालची पत्र्याची कड डाव्या कोपऱ्यात वीतभर राहिलेलीच नव्हती. जी होती तिला मामूंनी पेचकस टेकवला, तो आरपार गेला. मामूंनी भोकातून करंगळी घालून आतल्या बाजूनं हलवून दाखवली. नंतर स्टुलावर चढले आणि टपाच्या पुढच्या सांध्यावरून बोट फिरवत उजवीकडे गेले. तिथं, काचेच्या वर, जिथं आबांनी उभ्या आयुष्यात ट्यूब लावली नव्हती, सांधा उसवला होता. बोटभर फट.

"पाणी हितनं शिरतंय," मामू म्हणाले. "रस्त्याला उतार डावीकडं, म्हणून आतनं ह्या कडेनं डावीकडं जातंय, तिथनं खाली. कोपऱ्यातनं थोडं भाईर जायचं, तर ती वाट तुम्ही बंद केली. मग ते आत बसलं. बसून पत्रा खाल्ला."

आबा बराच वेळ त्या फटीकडं बघत होते. नंतर हळूच म्हणाले, "म्हंजे गावाला जाऊन येत हुतं तर."

कुजका पत्रा कापला, नवी पट्टी वेल्डिंग करून घासली, टपाचा सांधा भरला, रेड ऑक्साइड मारलं, रंग मारला, आणि रंग वाळेस्तोवर मामूंनी कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी काच बसवली. ते बघण्यासारखं असतं. नवं रबर आधी उन्हात ठेवून मऊ केलं आणि काचेच्या कडेनं चढवलं. रबराच्या ज्या खाचेत पत्रा जायचा, तिच्यात चारी बाजूंनी नायलॉनची दोरी भरली, दोन्ही टोकं खाली मधोमध आतल्या अंगाला सोडली. साबणाचं पाणी चोपडलं. काच बाहेरून चौकटीला टेकवून दोघांनी धरली. आता आत बसून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत येत जातो. घाई केली तर रबर फाटतं. मामूंनी इकडंतिकडं बघितलं आणि दोरी आबांच्या हातात दिली.

आबांनी टोपी काढून ठेवली. बाहेरून मामू तळव्यानं काचेवर थापट्या मारत होते, आतून आबा तसू तसू दोरी ओढत होते, आणि अडेल तिथं रबराचा ओठ अंगठ्यानं बाहेर काढत होते. कोपऱ्यांवर तर मामूंनीही मान डोलावली. इतक्या वर्षांच्या सरावानंतर त्या अंगठ्याला पहिल्यांदाच योग्य ठिकाणी काम मिळालं होतं. शेवटी चरीत पट्टी बसली, आणि मामूंनी रबराचा ओठ उचलून काचेच्या कडेनं काळ्या, न वाळणाऱ्या सीलरची बारीक रेघ ओढली. बारीक म्हणजे दोऱ्याएवढी.

"येवढंच?" आबा कासावीस झाले. "मामू, हयगय नगो. माझ्याकडं हाय, घ्या." आणि खिशातली ट्यूब पुढं केली. मामूंनी ती घेतली, आभार मानले आणि वर फळीवर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिली.

मग पाण्याची परीक्षा. पाइपानं पाणी मारायचं ते खालून वर, एका वेळी एक बाजू. वरूनच धार सोडली तर सगळीकडं एकदम पाणी होतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. खालची कड झाली, डावी झाली, उजवी झाली, शेवटी टप. आबा आत बॅटरी घेऊन बसले होते. कोपऱ्याकोपऱ्यावर उजेड टाकत होते, बोट फिरवत होते, बोट बघत होते. थेंब नाही. ते खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बिनविरोध निवडून आलेल्या उमेदवारासारखा होता : गुलाल मिळाला, लढायला मिळालं नाही.

पासिंग झालं. सूनबाईंनी हरवलेल्या हिशेबाच्या वह्या शोधून काढल्या, त्यातले ट्यूबांचे आकडे जोडले आणि मामूंचं बिल शेजारी ठेवलं. बिल कमी भरलं. आबा म्हणाले, त्यात दोन ट्यूबा देवळाच्या नळाच्या आहेत, त्या धरू नका.

त्यानंतर करूळ घाटातून पहिल्यांदा आलो तेव्हा पाऊस असा होता की बोनेटचं टोक दिसत नव्हतं. केबिन कोरडी. हॉर्न दाबला की हॉर्न वाजत होता. डावा इंडिकेटर गप्प असल्यानं मागची एसटी निर्धास्तपणे पार हौद्याला येऊन भिडली होती. मी सवयीनं पोतं मांडीवर घेतलं होतं, ते घडी करून ठेवलं. आबांचा डावा हात मात्र गिअरवरून सुटला की कोपऱ्याकडं जायचा, चाचपायचा, परत यायचा. "लई कोरडं वाटतंय हो," ते वैभववाडी येईपर्यंत दोनदा म्हणाले. घसा खाकरून पाणीही प्याले.

सध्या आबा देवळाच्या सभामंडपाच्या पत्र्यावर असतात. पुजाऱ्याच्या पाटावर थेंब पडतो, आणि आबांनी बरोबर पाटाच्या वर, जिथं थेंब दिसतो तिथं, लिंपायला घेतलंय. उद्यमनगराहून परतताना त्यांनी नवी ट्यूब घेतली होती, काळी. हाक मारली तर ते कुणाकडंही येतात, पैसे घेत नाहीत, आणि हाक मारली नाही तरी येतात. म्हणून आमच्या भागात नवं घर बांधलेल्यांना आणि नवी मोटार घेतलेल्यांना एवढीच विनंती, की आबा समोर असताना पावसाचं कौतुक करा, पिकाचं विचारा, पण ओल आली आहे असं चुकूनही म्हणू नका.